म्हातारीचा श्वास

३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे थेट कचऱ्याच्या डब्यात टाकलं असतंस, म्हणून पत्ता शेजारच्या काकूंकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच. फोन तू उचलत नाहीस. नव्या घराचा पत्ता मावशी देत नाही, "तिला राहू दे जरा एकटीला," म्हणते. तेव्हा चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहितोय. काचा घासायचं मशीन बंद करून वाच, नाहीतर बोट कापून घेशील आणि तेही माझ्याच नावावर लागेल.

आधी मुद्द्याचं. हो, ती आईच आहे.

सिनेमाच्या पहिल्या खेळाला शेवटच्या भागात तू तिसऱ्या श्वासाला उठलीस. मला वाटलं, बाथरूमला गेली असेल. दिवे लागले, निम्मे लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, निम्मे खुर्चीत तसेच बसले होते, कोणीतरी मागून "फसवलं!" म्हणून ओरडलं, आणि मी आपला तुझ्या रिकाम्या खुर्चीवरचा कोट उचलून दाराकडे बघत होतो. कोट माझ्याकडे आहे. थंडीत बिनकोटाची गेलीस.

मला खरंच वाटलं नव्हतं तू ओळखशील. मी तो आवाज खूप खाली उतरवला होता, लोखंडी पाइपांच्या घरघरीत मिसळला होता. लांबी तेवढी बदलली नव्हती. पण तू तीन वर्षं रात्रंदिवस तो श्वास ऐकलेला, तुला काय कळायचं राहणार. "डोळे थोरलीकडे, कान धाकट्याकडे आणि जीभ माझ्याकडे," असं आई म्हणायची. कान तुझ्याकडेही होते, हे तिने कधी सांगितलं नाही.

पहिले दोन भाग तू माझ्यासाठी बघितलेस, तेही डुलक्या काढत, म्हणून सांगतो. ते अवकाशयान वाढवलेलं असतं, बांधलेलं नसतं. जिवंत असतं ते. त्यातले लोक त्याला म्हातारी म्हणतात. तिसऱ्या भागात म्हातारी सगळ्यांना एका नव्या जगावर उतरवते आणि वर एकटीच राहते. शेवटची अकरा मिनिटं नुसते रिकामे बोळ आणि तिचा श्वास. संगीत नाही, माणूस नाही. मग काळोख.

आधीच्या दोन भागांत तो श्वास मी लोहाराच्या भात्यावर केला होता. या वेळी आमच्या दिग्दर्शक बाई म्हणाल्या, "भाता मरत नाही. मला दुसरं काहीतरी आण." सहा महिने मी श्वास शोधत फिरलो. गोठ्यात बसून झोपलेल्या गाई ऐकल्या, पाणबुड्याची नळी आणली, एका पैलवानाला जिने चढवून दमवला, शेवटी स्वतः उशीत तोंड खुपसून घोरलो. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "हे राहणारं आहे. मला जाणारं पाहिजे." काखेत कळसा आणि गावाला वळसा. आईची रेकॉर्डिंग्ज माझ्या कपाटातच होती. एक काढून ऐकवलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुठून आणलंस?" म्हणाल्या. मी म्हटलं, "जुनं आहे माझ्याकडे."

ते आई जाण्याच्या आदल्या हिवाळ्यातल्या एका रविवारचं आहे. आई गाढ झोपली होती. त्यात विशेष काही नाही.

तुला विचारायला हवं होतं. आठवण म्हणून टिपतोय असं तुला सांगितलं होतं आणि ती आठवण मी तिकीट लावून दाखवली. चुकलं माझं. एवढंच कबूल करायला हे पत्र. कोट पाठवू का?

भोंग्या


१९ फेब्रुवारी

ताई,

पत्र परत आलं नाही, हेच उत्तर समजतो.

इकडे सगळीकडे हाणामारी चालली आहे. म्हातारी मेली की जगली, एवढाच प्रश्न. केस कापायला गेलो तर न्हावी वस्तरा हातात घेऊन म्हणतो, "साहेब, सात वर्षं, तीन भाग, आणि शेवटी काय, तर अंधार? एवढा अंधार वीज गेली की माझ्याकडे फुकट मिळतो." वस्तरा गळ्याशी होता म्हणून मी मान डोलावली. पलीकडच्या खुर्चीतला माणूस तोंडाला साबण असतानाच उठून बसला, "अहो, तोच तर शेवट आहे! तुम्हाला काय, लग्न लावून द्यायला पाहिजे होतं?" दोघांचं जुंपलं आणि माझा एक कल्ला आखूड झाला.

ज्या काकूंनी पत्ता लिहून दिला त्यांचं तर घरात फाटलंय. काका 'मेली'वाले, काकू 'जगली'वाल्या. पाच दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. जिन्यात मला गाठून काका म्हणतात, "तिला सांग, गॅस संपलाय." काकू आतून ओरडतात, "त्यांना सांग, म्हातारी गेली म्हणतात त्यांनीच आणावा." एका शाळेतल्या बाईंनी वर्गात वादविवाद ठेवला, त्यात दोन मुलं रडली. कोणी लिहितं, असा शेवट करायला छाती लागते. कोणी लिहितं, लेखकाला शेवट सुचला नाही म्हणून त्याने दिवा घालवला.

पहिल्या आठवड्यात मी एका साध्या खेळाला मागच्या रांगेत जाऊन बसलो. ती अकरा मिनिटं चारशे माणसं हलली नाहीत. इतकी शांतता मी फक्त आपल्या घरात ऐकली आहे, माझं आवाज टिपायचं मशीन चालू असताना. आठवतंय? मी तळहात वर केला की सगळं घर जिथल्या तिथे. बाबांचं वर्तमानपत्र अर्धं उलटलेलं, आईच्या हातातला झारा हवेत, तेल करपलं तरी चालेल. तू एकदा शिंक दाबून लालबुंद झाली होतीस. बारा वर्षांचं पोर हात वर करतं आणि तीन माणसं ऐकतात, याचं मला तेव्हा कधी नवल वाटलं नाही.

त्या शांततेत आठव्या मिनिटाला एक बारीकसा आवाज आहे. टक्क. 'जगली'वाल्यांचा सगळा डोलारा त्या टक्कवर उभा आहे. ते म्हणतात, कोणीतरी परत आलं, दाराला हात लावला, म्हातारी वाचली. एका पोरीने तेवढाच तुकडा मोठा करून इंटरनेटवर टाकलाय, तीन लाख लोकांनी ऐकला. 'मेली'वाले म्हणतात, तो नुसता कचरा आहे. कचराच आहे. रस्त्यावरून एखादा ट्रक गेला असेल, साफ करताना राहून गेला. तू तर तिथपर्यंत बसलीच नाहीस.

आणि एका नर्सचं पत्र आलं, बाईंनी ते माझ्याकडे पाठवलं. लिहिलंय, "मी बावीस वर्षं असे श्वास ऐकते आहे. हे यंत्र नाही, आणि हे झोपलेलं माणूसही नाही. ज्यांनी हे टिपलं त्यांना माझा नमस्कार सांगा आणि ते बरे आहेत ना, विचारा." मी ते पत्र घडी करून खणात टाकलं. मग काढलं आणि दुसऱ्या खणात टाकलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

बाकी ठीक. कोट धुऊन ठेवला आहे.

भोंग्या


६ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पाच आठवड्यांत तीन शब्द. "रेकॉर्डिंग कधीचं आहे?"

सही पण केली नाहीस. हरकत नाही, तुझा 'क' मी कुठेही ओळखीन.

उत्तर देतो. पण आधी दोन गोष्टी सांगू दे. तू म्हणशील, हा नेहमीसारखा वळसे घेतोय. घेतोय.

गेल्या आठवड्यात चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेत मला बोलावलं होतं. प्रेक्षकांशी गप्पा. मी नको म्हणायला हवं होतं, पण आवाजाबद्दल बक्षीस मिळाल्यापासून माझी कॉलर जरा ताठ झालीय. हात दाखवून अवलक्षण. तासभर बरं चाललं. लोकांनी भात्याचं विचारलं, गाईंचं विचारलं, पैलवानाची गोष्ट सांगितल्यावर हसले. मग तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. तुझ्याएवढी असेल, केस तसेच आखूड. म्हणाली, "म्हातारी मेली की जगली ते मला नको आहे. मला एवढंच सांगा, आठव्या मिनिटाला जो कोणी दारापर्यंत आला, तो आत का नाही गेला?"

मी सरळ कानांवर हात ठेवले. म्हटलं, तो आवाज चुकून राहिलाय. ती म्हणाली, "मग नंतर श्वास का बदलतो? आवाज येईपर्यंत म्हातारी कोणाची तरी वाट बघतेय असं वाटतं. नंतर नाही वाटत." मी पाणी प्यालो. सूत्रसंचालकांनी पुढचा प्रश्न घेतला.

दुसरी गोष्ट. चित्रपटाची लांबवलेली आवृत्ती घरी बघण्यासाठी निघतेय. निर्मात्यांनी कोणाकडून तरी पाहणी करून घेतली. शंभरातले अठ्ठेचाळीस खूश, शेहेचाळीस नाराज, सहा जणांना झोप लागली होती. निर्माते मला म्हणाले, "हे बघा, भांडण एका श्वासाचं आहे. पडदा काळा झाल्यावर एक श्वास वाढवा. एकच. आधीचाच एक उचलून मागे चिकटवा. लोक घरी सुखाने जातील, तुमचं काय जातंय?"

माझं काय जातंय. मी स्टुडिओत बसलो आणि चौथ्या मिनिटातला एक श्वास उचलून शेवटच्याच्या पुढे लावला. अगदी चपखल बसतो. परक्या माणसाला कधी कळणार नाही. मी तो एकदा ऐकला आणि मशीन बंद करून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. पाऊण तास बसलो असेन.

ताई, त्या शेवटच्या श्वासापुढे माझ्याकडे काही नाही. मी रेकॉर्डिंग थांबवलं म्हणून नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. बाकीचं आज लिहवत नाही.


९ मार्च

ताई,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. आता जसं येईल तसं लिहितो.

तो रविवारच होता, एवढं मी पहिल्या पत्रात खरं लिहिलं होतं. दुपारचे तीन वाजून गेले होते. तू दोन रात्री झोपली नव्हतीस. आईच्या चादरी बदलल्यास, मी म्हटलं, जा, पड जरा, मी आहे. तू म्हणालीस, "पडते, पण आधी या धुऊन टाकते, नाहीतर वास बसेल." बाथरूममधला नळ सुटला. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली, पिशवीतून मशीन काढलं, हेडफोन लावला. दर रविवारी लावायचो तसाच.

डॉक्टरांनी आपल्याला दोघांनाही सांगून ठेवलं होतं. श्वासात खंड पडायला लागले की समजा, आणि जो जवळ असेल त्याने दुसऱ्याला हाक मारा. तू त्यांना तेव्हा विचारलं होतंस, "मला पोचायला वेळ मिळेल ना?" आणि आईला तू शब्द दिला होतास, की तुझा हात माझ्या हातात असेल. मी त्या खोलीत होतो तू तो शब्द दिलास तेव्हा.

पहिला खंड पडला. मला कळलं. नुसत्या कानाला कदाचित कळलं नसतं, पण हेडफोनमध्ये सगळं स्वच्छ होतं. मी मशीनवरच्या काट्याकडे बघितलं, आवाज थोडा वाढवला. मनात म्हटलं, एक मिनिट. एका मिनिटाने हाक मारतो. दुसरा खंड पडला, मनात म्हटलं, अजून एक. तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, ताई. फार सुंदर होता. हे लिहिताना मला माझी किळस येते, पण आता एकही वाक्य खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

मग तू आलीस. पिळलेल्या चादरींची बादली घेऊन गॅलरीकडे निघाली होतीस, जाता जाता दाराशी थांबलीस. बादली खाली ठेवलीस, तिची कडी पडली. टक्क. तेच ते. तीन लाख लोकांनी ऐकलेलं. हेडफोनमध्ये मला तुझा श्वाससुद्धा आला, धापेचा. मी डोळे उघडले नाहीत. मी तळहात वर केला.

आणि तू ऐकलंस. नेहमी ऐकायचीस तशी. तुला वाटलं असेल, आईला झोप लागलीय, आवाज नको. तू बादली उचललीस आणि गेलीस.

त्यानंतर आई तीन मिनिटं होती.

मी आधी मशीन बंद केलं. वायर गुंडाळली. सगळं पिशवीत ठेवलं, चेन लावली. मग तुला हाक मारली. तू ओल्या हातांनी पळत आलीस, आणि मी म्हटलं, "क्षणात गेली गं, मी पाणी आणायला वळलो तेवढ्यात." लोकांना मी सांगितलं, तिचा हात माझ्या हातात होता. माझ्या हातात मायक्रोफोन होता.

एवढ्यावर संपलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण तिसऱ्या दिवशी सगळे बसले होते आणि मावशी सहज बोलून गेली, "तीन वर्षं केलंस गं पोरी, आणि नेमकी त्या घटकेला कपडे धूत बसलीस." तू मान खाली घातलीस. मी समोरच होतो, हातात चहाचा कप होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी चहा प्यालो. त्यानंतर तू ते घर सोडलंस, गाव सोडलंस, मावशी म्हणते आता चादर लाँड्रीत देतेस, घरी धूत नाहीस. ते सगळं माझ्यामुळे आहे, हे मला दीड वर्ष माहीत आहे.

तो टक्क काढता आला असता. पाच मिनिटांचं काम आहे. मी तो तुकडा दोनदा निवडला आणि दोनदा सोडला. तुला पुन्हा एकदा दारातून परत पाठवायला माझा हात झाला नाही. निदान हे तरी खरं मान.


२१ मार्च

ताई,

काल दिग्दर्शक बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्या बराच वेळ टेबलावरचा पेन फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "मला जाणारं पाहिजे, असं मी म्हणाले होते. ते शब्द आता मला परत घ्यावेसे वाटतात." निर्माते भडकलेत, पण बाईंनी त्यांना थोपवून धरलंय. म्हणाल्या, हे तुमच्या घरचं आहे, तुम्ही दोघं ठरवा.

एकतीस तारखेला अखेरची प्रत जाईल. तोवर तीन गोष्टी करता येतात. निर्माते म्हणतात तसा एक श्वास वाढवायचा. किंवा आईचा आवाज पूर्ण काढून टाकायचा, भाता घालायचा. ते मी रात्रीचा दिवस करून करीन, कुरकुर करणार नाही. किंवा आहे तसं ठेवायचं. काढलं तर लोक माझ्या नावाने खडे फोडतील, फोडू देत. तू सांगशील ते करीन. काही सांगितलं नाहीस तर काढीन.

मावशीकडे जाऊन आलो. तिला सगळं सांगितलं, काही न वगळता. तिने निवडत असलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "आता मी कुठल्या तोंडाने तिच्याकडे जाऊ?" मी म्हटलं, माझ्याआधी जा, तुझी चूक लहान आहे.

माफ कर, असं खाली लिहून चार वेळा खोडलंय. कागदावर दिसत असेल.

भोंग्या


२८ मार्च

भोंग्या,

तुझी पत्रं मी टाकली नाहीत. दुकानात माझ्या खणात आहेत, काचांच्या डब्याखाली. त्यातून काही अर्थ काढू नकोस. आणि पत्ता काकूंनी लिहिला तरी पाकीट तूच चिकटवतोस, अर्धा डिंक बाहेर. पहिल्या दिवशीच कळलं होतं.

नऊ तारखेचं पत्र वाचलं आणि त्या दिवशी एका आजोबांच्या चष्म्याची उजवी काच डावीकडे बसवली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मावशी येऊन गेली. रडली. मी तिला चहा केला.

हात वर केलास ते मला आठवत होतं. रोज आठवायचं. पण मला वाटायचं, मी दाराशी आले तेव्हा आई झोपली होती आणि मी गॅलरीत गेल्यावर गेली. म्हणजे मी उगाच गेले. चादरी अर्धा तास बादलीत राहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं, हे मी दीड वर्ष स्वतःला विचारत होते. आता कळलं की मी वेळेवर आले होते. ते वाचून मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा राग आला, मग तुझा.

राग हाताचा नाही. तो हात आम्हीच डोक्यावर चढवून ठेवला होता, तेल करपू देऊन. राग चहाच्या कपाचा आहे. आईच म्हणायची ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. आई जाणारच होती. पण तू त्या दिवशी गप्प बसलास, ते पचलं, म्हणून पुढे रोज गप्प बसलास. गाव सोडेपर्यंत मला बघत होतास तू. मी हडकले ते दिसत होतं तुला. सिनेमासाठी सहा महिने गाईगुरं ऐकत फिरलास, आणि मी फोनवर "बरी आहे" म्हणायचे ते तुला ऐकू आलं नाही.

बुधवारी दुपारच्या खेळाला गेले. एकटीच. सगळं मिळून अकरा-बारा माणसं होती. या वेळी उठले नाही. पहिली पाच मिनिटं खुर्चीचा हात धरून बसले होते, नंतर सोडला. तू आवाज कितीही खाली उतरव, मला तो तिचाच ऐकू येतो, आणि खरं सांगायचं तर मला तो इतक्या दिवसांनी ऐकायला मिळाला. हे तुला सांगणार नव्हते.

माझ्या मागे एक नवरा-बायको होते. टक्क झालं तशी ती हळूच म्हणाली, "आलं बघ कोणीतरी." तो म्हणाला, "कोणी येत नाही गं, गप बस." मी मागे वळले आणि त्याला म्हटलं, "आलं होतं." तो ओशाळला. तिला वाटलं, मी तिच्याच पक्षाची. दिवे लागल्यावर दाराशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "वाटलंच मला, म्हातारी वाचणार." मी हो म्हटलं. काय सांगणार होते तिला.

आता तुझं काम. जास्तीचा श्वास घालायचा नाही. होते तेवढे घेतानाच तिला किती कष्ट पडत होते, ते तू जवळून ऐकलं आहेस. लोकांच्या समाधानासाठी तिला आणखी एक घ्यायला लावू नकोस. आणि काढायचंही नाही. भाता नको, सफाई नको, आहे तसं जाऊ दे. त्या अकरा मिनिटांत आई आहे, आणि आठव्या मिनिटाला मी आहे. तू त्यात कुठेच नाहीस. तसंच राहू दे.